खुंटीवरची घोंगडी

१

दुर्गाबाईचा दिवस उजाडायचा तो खुंटीपाशी.

पहाटेचा चहा झाला की ती पडवीतून शेडमध्ये जायची, भिंतीतल्या सागाच्या खुंटीवरून काळी घोंगडी काढायची, डोक्यावरून घ्यायची आणि तोंड पार झाकून टाकायची. मग ती दुर्गाबाई राहत नसे. वलगावची, साठीला टेकलेली, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी, गावातल्या साऱ्या बाळंतपणांच्या तिथी तोंडपाठ असलेली बाई त्या घोंगडीखाली बुडून जायची, आणि वर उरायचं ते काळं, केसाळ, मुकं असं काहीतरी. तेच हवं होतं.

परतवाड्याच्या पुढं संत्र्याचे बगीचे संपतात आणि तुरीची शेवटची पट्टी जिथं रानाला टेकते, तिथं हे केंद्र आहे. जखमी, पोरकी रानजनावरं आणायची, जगवायची आणि परत रानात सोडायची. माणसं तीनच. अमरावतीची नीलम डॉक्टरीण, राखणीला नत्थुजी, आणि पिल्लं पोसायला दुर्गाबाई.

त्या साली माघात अस्वलाचं पिल्लू आलं. घाटातल्या रस्त्यावर त्याच्या आईला कुठल्याशा ट्रकनं उडवलं होतं. आई थंडगार झाली तरी पिल्लू तिच्या पाठीला चिकटून होतं. नत्थुजीनं एकेक नख हळूहळू सोडवलं तेव्हा कुठं ते हातात आलं. अस्वलाची आई पिल्लाला पाठीवर घेऊनच हिंडते, तिची पाठ म्हणजेच त्याचं घर. म्हणून नीलमनं ही घोंगडीची युक्ती काढली.

"मावशी, तीन गोष्टी लक्षात ठेवा. नाव ठेवायचं नाही, तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं नाही. माणसाचा आवाज ज्याला आपला वाटला, ते जनावर गावात शिरतं. मग एक तर काठ्या, नाहीतर जन्मभर पिंजरा."

"अवं बाई, मले न बोलायले सांगून राहिली तू? त्यापरीस याले उडायले शिकवतो मी, थे सोपं जाईन."

नत्थुजी खो खो हसला. पण दुर्गाबाईनं बोलणं सोडलं. घोंगडी अंगावर असली की चकार शब्द नाही. पिल्लू तिच्या पाठीवर चढायचं, केसांऐवजी लोकरीत नखं रुतवायचं, आणि ती गुडघ्यांवर हात टेकत आवारभर हिंडायची. वारूळ दिसलं की खुरप्यानं फोडायची, फूं करून माती उडवायची आणि ओठांचा चंबू करून सर्र असा आवाज काढायची. अस्वलं उदई, म्हणजे वारुळातली वाळवी, तशीच ओढून खातात. पिल्लू तिच्या खांद्यावरून डोकावून शिकायचं.

अकोल्याहून, जुन्या शहरातून, तिची लेक भावना फोन करायची. "जय भीम, आई. माह्या पोट्ट्याले तू कधी पाठीवर घेतलं नाई, अन् अस्वलाले घेऊन राहिली!"

"तुह्यं पोट्टं उदई खाते का? मंग?"

२

एक चूक मात्र तिच्या हातून झाली. चैत्रात पिल्लाला ताप भरला. पाठीवर ते थरथरत होतं, दूध घेईना. नीलम औषधासाठी परतवाड्याला गेलेली. दुर्गाबाईनं घोंगडीत तोंड खुपसलं आणि भावनाला निजवताना म्हणायची ती चाल गुणगुणली. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं. तिला दम्याचा त्रास, म्हणून तिसऱ्या वळणावर श्वास तुटायचा आणि चाल मधेच खुंटायची. भावना लहानपणी त्या तुटीची वाट पाहायची आणि मगच डोळे मिटायची.

पिल्लूही तिथंच निजलं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. एकदाच तर, असं मनाला म्हणाली, आणि पुन्हा कधी गुणगुणली नाही.

पोळा आला तोवर पिल्लू चौदा किलोचं झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखं पाठीवर चढलं आणि दुर्गाबाईचा उजवा गुडघा कडकन वाजला. ती जी बसली ती बसलीच. नत्थुजीनं हाताला धरून उठवलं.

"झालं आता," नीलम म्हणाली. "उद्यापासून पाठीवर घ्यायचं नाही. घोंगडी घेऊन नुसतं पुढं चालायचं."

पिल्लाला हे कसं समजावं? ते तिच्या मागं येई, पदर ओढावा तशी घोंगडीची किनार ओढी, आणि ती वाकत नाही असं पाहून खाली बसून पंजा चोखत राही. दुर्गाबाई शेडमध्ये येऊन घोंगडी खुंटीला अडकवायची. हात तिच्यावरून काढवत नसे. "कोणी घेईन का रे त्याले," असं त्या संध्याकाळी ती एकदा बोलून गेली. ऐकायला शेडमध्ये कुणी नव्हतं.

३

तिसऱ्या पहाटे तिनं घोंगडी डोक्यावरून घेतली आणि तिचे हात थबकले.

घोंगडी ऊबदार होती.

उन्हानं तापते तशी नव्हे. उन्हाची ऊब वरवरची असते. ही आतून होती, गळ्याशी जास्त, काठाशी कमी. कुणीतरी नुकतीच अंगावरून उतरवून ठेवावी तशी. बाहेर धुकं होतं, पत्र्यावरून दव टपकत होतं, आणि घोंगडी ऊबदार होती.

"नत्थुभाऊ, रातच्याले माही घोंगडी तुमी पांघरता का?"

"काहून बाप्पा? मायाजवळ रजई हाये. तुमच्या घोंगडीले अस्वलाचा वास मारते. मले सपनात उदई दिसन."

तिनं मांजर झोपलं असेल असं धरलं. पण मांजर खुंटीवर कसं चढेल? मग लोकर ऊब धरते असं धरलं. पण मग सहा महिने ती गार कशी होती?

चौथ्या दिवशीही तीच ऊब. पाचव्या दिवशी काठाला माती दिसली, तांबडी, मुरमाची. केंद्राची जमीन काळी आहे, कापसाची. तांबडा मुरूम वर डोंगरातच. तिनं तो काठ बोटांत चोळला, वास घेतला, आणि तशीच बोटं पदराला पुसून आवारात गेली.

पिल्लू तिच्याकडे आलं नाही. झाडाखाली ते पोट वर करून निजलं होतं, तृप्त, बाळंतघरातल्या बाळासारखं. बाटली हुंगून त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या ओठांवर ओली तांबडी माती होती.

दुर्गाबाईच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव पेढी नदीत सोडले होते. भूत नाही, भानामती नाही, अंगात येणं नाही, हे तिनं दुधाबरोबर प्यायलं होतं. म्हणून तिनं सरळ विचार केला. कुंपण पाहिलं. जाळी धड होती. कुलूप धड होतं. किल्ली तिच्या कमरेला. मग उरली ती एकच बाई.

मीच तर झोपेत उठून जात नसेन?

त्या रात्री तिनं किल्ली भावनाच्या लहानपणच्या पैंजणात ओवून पायाला बांधली. पैंजण वाजलं नाही. घोंगडी सकाळी ऊबदार होती.

४

कार्तिकातल्या एका दुपारी ती परतवाड्याच्या बाजारातून बोरं आणि गूळ घेऊन परतली, तर नीलम फाटकातच उभी. चेहरा उतरलेला.

"मावशी, तुम्ही त्याच्यासाठी गाता?"

"कोन सांगतलं?"

"मी ऐकलं. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. आवारातून आवाज येत होता. तुमचाच होता, मी ओळखते ना. मध्येच श्वास तुटतो तुमचा, तिथं थांबत होता."

दुर्गाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीवर बाजारातल्या दुकानाचं नाव, बसचं तिकीट अजून मुठीत. नीलमनं ते तिकीट पाहिलं. घड्याळ पाहिलं.

"पिल्लं पंजा चोखताना गुणगुणतात," नीलम शेवटी म्हणाली. "मधमाशीसारखा आवाज येतो. तोच असेल."

"तोच असन," दुर्गाबाई म्हणाली.

"पण मावशी, फाल्गुनात वनखात्याचे उत्तमराव साहेब तपासायला येणार. माणसाच्या आवाजाला ते जवळ आलं तर मी काही करू शकत नाही. सोडायची परवानगी मिळणार नाही. प्राणिसंग्रहालयात जाईल ते, कायमचं." तिचा आवाज भरून आला. "तुम्ही एकदा जरी गायलं असेल तर मला आत्ताच सांगा."

तेव्हा दुर्गाबाईनं चैत्रातल्या तापाची गोष्ट सांगितली. नीलम रागावली नाही. तिनं फक्त कपाळाला हात लावला, आणि दुर्गाबाईला वाटलं, यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

नत्थुजी म्हणाला, "दुर्गाबाई, एक लिंबू उतरून टाकू का त्या खुंटीवरून?"

"आमच्यात नाई चालत, भाऊ."

"तुमच्यात नाई चालत. त्या खुंटीत चालत असन तं?"

५

दुसऱ्या दिवशी तिनं घोंगडी घडी करून आपल्या लोखंडी पेटीत घातली. वर चार लुगडी, त्यावर बाबासाहेबांचा जुना काचेचा फोटो, मग झाकण, मग कुलूप. पेटीवर ती स्वतः बसली. भर दुपार. पत्रा तडतडत होता, नत्थुजी बाहेर चिंचेखाली घोरत होता, नीलम जखमी घुबडाच्या पंखाला पट्टी बांधत होती.

आवारातून गुणगुणणं आलं.

तिचीच चाल. तिचाच आवाज, पण जरा खालचा, जरा जड, जसा मोठ्या पोटातून यावा. पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्यावर तो श्वास तुटला आणि चाल थांबली. त्या शांततेत दुर्गाबाई भावनासारखी वाट पाहत बसली. श्वास तिचाही अडकला होता. मग पुढची हूं आली, आणि पिल्लाचा झोपेतला सुस्कारा.

तिनं उठून कुलूप काढलं. फोटो बाजूला केला. लुगडी गार होती, एक, दोन, तीन, चार. खाली हात घातला.

घोंगडी जागेवर होती. आणि भाजलेल्या भाकरीसारखी ऊबदार होती. चुलीनं जळलेला कोपरा, ज्याला तिनं लाल दोऱ्यानं ठिगळ लावलं होतं, तो ओला लागला. लहान बाळ दुपट्याचा कोपरा चोखतं तसा.

दुर्गाबाई घाबरली नाही असं नाही. पण त्या भीतीच्या मागोमाग दुसरंही काही आलं, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली. तिला बरं वाटलं. पोरगं कुणाच्या तरी पाठीवर होतं.

तिनं घोंगडी परत खुंटीला लावली आणि त्यानंतर कधी पेटीत ठेवली नाही.

६

फाल्गुनात उत्तमराव साहेब आले. ताठ माणूस, पण मनानं वाईट नव्हता. जाळीबाहेर उभा राहून तो मोठ्यानं बोलला, टाळ्या वाजवल्या, गुळाचा खडा दाखवला. पिल्लू आता वर्षाचं होतं, छातीवर पांढरा पट्टा उमटलेला. ते फुरफुरलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि पळत खडकामागं गेलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता जी बाई पाळते तिनं बोलावं. तोंड उघडं ठेवून."

दुर्गाबाई नुसत्या लुगड्यावर पुढं गेली. वर्षभर पाठीवर, पाठीमागं वागवलेल्या पोराला ती पहिल्यांदा तोंड दाखवत होती. "ये रे," ती म्हणाली. "ये माह्या राजा."

पिल्लानं तिच्याकडं पाहिलं आणि दात विचकले. त्याला ती ओळखीची नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरलं. हे पोर सुटणार.

"ऐकलंय, तुम्ही काही गायलं होतं," साहेब म्हणाले. "तेही करून दाखवा."

नीलमनं ओठ चावला. दुर्गाबाईनं गुणगुणायला सुरुवात केली. पिल्लाचे कान उभे झाले. ते खडकामागून बाहेर आलं. एक पाऊल, दोन पावलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं. तिसऱ्या वळणावर तिचा श्वास तुटला.

पिल्लानं मान वळवली. दुर्गाबाईकडं नाही, साहेबांकडंही नाही. ते उलट्या बाजूला, शेडच्या उघड्या दाराकडं पाहत राहिलं, जिथं आतल्या अंधारात खुंटी होती. त्याच्या घशातून बारीक कूं आली. मग त्या बाजूची जाळी धरून ते उभं राहिलं, आईनं उचलून घ्यावं म्हणून पोर उभं राहतं तसं.

"आवाजाकडं येत नाही," साहेबांनी लिहिलं. "माणसाची ओढ नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सोडायला हरकत नाही." त्यांनी टोपण लावलं आणि शेडकडं बोट केलं. "तिथं काय आहे?"

"घोंगडी," नत्थुजी म्हणाला. "दुसरं काय असन?"

७

सोडायच्या आदल्या दिवशी नीलम म्हणाली, "घोंगडी जाळून टाकू. वास राहिला तर ते परत येईल."

सकाळी खुंटी रिकामी होती. नत्थुजीनं पोराबाळांची शपथ घेतली. शोधायला वेळ नव्हता. जीप निघाली, मागं पेटाऱ्यात पिल्लू. पिल्लू कसलं, चाळीस किलोचं धूड.

वर ओढ्याकाठी पेटारा ठेवला. कोवळी उन्हं नुकती ओढ्यावर उतरत होती. नीलमनं दोर ओढून दार उचललं. ते बाहेर आलं, गवत हुंगलं, आणि खाली बसून पंजा चोखायला लागलं. जाईना.

रीत अशी की अशा वेळी डबे बडवायचे, आरडाओरडा करायचा. माणूस वाईट, हा शेवटचा धडा तिथं द्यायचा. तेलाचा रिकामा डबा दुर्गाबाईच्या हातात होता. नीलम जीपजवळून खुणावत होती. नत्थुजी दुसऱ्या बाजूनं बडवत होता. दुर्गाबाईनं काठी उचलली आणि सगळ्या जोरानं डब्यावर हाणली.

"जाय! जाय म्हनतो ना! कोनी नाई तुह्यं इथं! जाय!"

ते दचकलं, दहा पावलं पळालं आणि पुन्हा बसलं. तिच्याकडं पाहत राहिलं. तिनं दगड उचलला. हात वर गेला आणि वरच राहिला.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून, करवंदीच्या जाळीतून, गुणगुणणं आलं.

पिल्लू उठलं. धावलं. पाण्यातून छपछप करत पलीकडं गेलं. जाळीत काहीतरी काळं, वाकलेलं होतं. सावली असेल, असं दुर्गाबाईनं स्वतःला सांगितलं. मग ते काळं आणखी खाली वाकलं, आणि चाळीस किलोचं ते धूड त्याच्या पाठीवर असं चढलं जसं काल जन्मलं होतं. पाठ उठली. काट्यातून वाट काढताना एक कोपरा उन्हात आला, आणि त्यावर लाल दोरा होता.

ते दोन पायांवर चाललं की चार, हे दुर्गाबाईला सांगता येत नाही. वलगावातलं एकेक बाळंतपण आठवणाऱ्या बाईला एवढंच आठवत नाही. गुणगुणणं मात्र डोंगरावर चढत गेलं, आणि तिसऱ्या वळणावर तुटलं.

नीलम जीपच्या आडून आली. "गेलं?"

"गेलं."

"मागं वळून पाह्यलं का त्यानं?"

"नाई वं बाई. काहून पाह्यन? चांगलं बसून गेलं."

"बसून?"

नत्थुजीचा डबा केव्हाच थांबला होता. तो ओढ्याकडं पाठ करून उभा होता आणि जोरजोरात नाक शिंकरत होता.

८

खुंटी रिकामी राहिली. परतवाड्याच्या बाजारातून नवी घोंगडी आणली, पण दुर्गाबाईनं ती दुसऱ्या खिळ्याला लावली. केंद्रात त्या हिवाळ्यात अस्वल नव्हतं. एक लंगडा कोल्हा, दोन घुबडं, एवढंच. भावना म्हणायची, आता ये अकोल्याला, नातवाला पाठीवर घे. दुर्गाबाई येतो येतो म्हणायची. सकाळी उठून रिकाम्या खुंटीवरून हात फिरवायची. ती गार असे. तेवढ्यानं तिला वाटे, की सगळं ठीक आहे, डोंगरात कुणीतरी कामावर आहे.

माघातल्या एका दुपारी ती शेडमध्ये बोरं निवडत बसली होती. सुपातलं किडकं बोर फेकायला मान वर केली.

जुनी घोंगडी खुंटीवर होती.

कुसळांनी भरलेली, काठाला मुरूम, कोपऱ्याला लाल दोरा. दुर्गाबाई सूप घेऊन तशीच उभी राहिली. मग जवळ गेली आणि गळ्याशी हात ठेवला. आत्ताच, अगदी आत्ताच कुणी उतरवून ठेवली होती.

"आता कोनासाठी वं?" तिनं हळूच विचारलं. "इथं तं कोनी नाई."

आत नीलमचा फोन वाजला. मग नीलम धावत बाहेर आली. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात दोर, पायात एकच चप्पल.

"मावशी, विहिरीत अस्वल पडलंय! खाटेला दोर बांधून पाण्यात सोडायचीय, त्याला वर चढायला. नत्थुकाका, जीप काढा! वर काठावर पिल्लू रडतंय म्हणे." तिचे डोळे चमकत होते. "पण आई जिवंत आहे, मावशी. पोहतेय अजून. आपण काढू तिला. पिल्लू तिच्याबरोबरच परत जाईल, इथं आणायचं कामच पडणार नाही!"

दुर्गाबाईचा हात घोंगडीवरच होता. नीलमचं लक्ष तिकडं गेलं नाही. नत्थुजीचं गेलं. तो जीपच्या दारात एक पाय ठेवून क्षणभर थिजला. मग त्यानं दुर्गाबाईकडं पाहिलं, आणि तिनं नुसती मान हलवली, जा म्हणून.

धुरळा उडवत जीप फाटकातून गेली.

दुर्गाबाईनं घोंगडी दोन्ही हातांनी खुंटीवर घट्ट दाबून धरली, जसं निघालेल्या पाहुणीला पदर धरून थांबवावं. "थांब वं माय," ती म्हणाली. "अजून पोहून राहिली थे विहिरीतली. घडीभर थांब. पोरगी दोर घेऊन गेली."

घोंगडी गार होईना.

ती बराच वेळ तशी उभी होती. मग तिनं हात सोडले, पडवीत गेली, चूल पेटवली, आणि बाटलीसाठी शेळीचं दूध तापायला ठेवलं.